नळी बदलताना : रायफल, काडतूस आणि मोजमाप



ज्या गुरुवर्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांनी या शाळेत आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकविले. मोजल्यावाचून विधान करू नये, हा त्यांचा आग्रह आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. त्या आग्रहाला शोभेल असा विषय निवडावा, असे मनात होते. म्हणून रायफलीची नळी बदलून तिचे बोअर बदलणे, हा वरवर पाहता शाळेच्या व्यासपीठाशी विसंगत वाटणारा विषय मी आज मांडत आहे.

या निवडीला दोन कारणे आहेत. पहिले कारण हे गावच. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे, आणि ज्या घरातून कोणी ना कोणी फौजेत गेले नाही अशी गल्ली या पंचक्रोशीत शोधूनच काढावी लागेल. शाळेच्या एन.सी.सी.त ज्यांनी रायफल खांद्यावर घेतली, अशी मंडळी तर समोर पुष्कळ दिसतात. दुसरे कारण माझ्या नोकरीचे. शस्त्रनिर्मितीच्या एका सरकारी कारखान्यात माझी बहुतेक वर्षे गेजांच्या खोलीत गेली. रायफल उडविण्यापेक्षा ती मोजण्याचाच मला अधिक सराव. त्यामुळे आजचे विवेचन नेमबाजीचे नाही. ते जुळवणीचे आहे.

प्रश्न साधा आहे. नळीच्या आतला व्यास म्हणजे बोअर. मग एक नळी काढून दुसरी बसविली की झाली रायफल दुसऱ्या बोअरची! असे खरोखरच करता येते का? उत्तर आहे : येते, परंतु नळीच्या मागे जे दडलेले असते त्याची संमती असेल तरच. ही संमती कशी मिळते आणि ती कोणी तपासायची, हे सांगण्यासाठी आजचा वेळ मी मागतो आहे.

चौघांचा संसार

बोल्ट रायफलीचे भाग पुष्कळ असले, तरी आपल्या विषयापुरते चारच लक्षात ठेवू : काडतूस, नळी, बोल्ट आणि बॉडी.

काडतूस म्हणजे नुसती गोळी नव्हे. पितळेची पुंगळी, तिच्या तळाशी ठिणगी देणारी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी घट्ट धरलेली गोळी, असे ते चार वस्तूंचे एकत्र कुटुंब आहे. पुंगळीच्या आकृतीला माणसाच्या देहाचीच नावे दिलेली आहेत. खाली तळ, मग अंग, त्यावर उतरता खांदा आणि शेवटी गोळीला धरणारी मान.

नळीच्या मागील टोकाला या पुंगळीच्या आकाराची पोकळी कोरलेली असते. तिला चेंबर म्हणतात. चेंबरच्या पुढे नळीचा खरा मार्ग सुरू होतो. त्यात पीळ दिलेल्या खाचा असतात. त्यांच्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि भोवऱ्याप्रमाणे आपली दिशा टिकवून धरते.

बोल्ट म्हणजे आपल्या दाराची कडीच. पुढे सरकवून मूठ खाली दाबली की त्याचे कान बॉडीतील खोबणीत अडकतात आणि चेंबरचे मागचे दार बंद होते. या सर्वांना एकत्र धरणारी पोलादी चौकट म्हणजे बॉडी. नळी तिच्या पुढच्या तोंडात आट्यांनी घट्ट बसविलेली असते, आणि बोल्ट मागून येऊन तिच्यातच अडकतो.

आता बार उडतो तेव्हा काय घडते, ते पाहू. आधुनिक लष्करी काडतुसात वायूचा दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे चार हजार पटींपर्यंत चढतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला स्थूलमानाने चार हजार किलोग्रॅम. पुंगळीच्या तळाचे आतील क्षेत्रफळ पाऊण चौरस सेंटिमीटर धरले, तर गुणाकार तीन हजार किलोग्रॅमचा येतो. तीन टनांचा हा धक्का सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास बोल्टच्या तोंडावर बसतो, आणि त्याच बोल्टमागे वितीच्या आत नेमबाजाचा डोळा असतो. आजच्या व्याख्यानातील इतर सर्व आकडे विसरलात तरी चालतील. ही एक वीत मात्र लक्षात ठेवावी.

नावाचा आकडा आणि खरा आकडा

बोअरच्या नावांवर भाबडेपणाने विश्वास ठेवू नये. 'बारा बोअर' मधील बारा हा आकडा इंचांचाही नाही आणि मिलिमीटरांचाही नाही. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातील एका गोळीचा जो व्यास तो बारा बोअरचा व्यास. 'थ्री-नॉट-थ्री' मध्ये .३०३ इंच हे माप खाचांच्या वरच्या कडांमधील अंतराचे आहे. गोळी त्याहून जाड, सुमारे .३११ इंचाची असते. '७.६२' चेही तसेच. नळीचे माप .३०० इंच आणि गोळी .३०८ इंचाची. म्हणजे थ्री-नॉट-थ्रीची गोळी आणि ७.६२ ची गोळी यांच्या जाडीत तीन हजारांश इंचाचाच फरक निघतो. नुसत्या डोळ्यांनी तो दिसायचा नाही.

उलट, एकाच आकड्याखाली अगदी भिन्न काडतुसे नांदतात. आपल्या सैन्यातच पाहा. एस.एल.आर.चे काडतूस ७.६२, कलाश्निकोव्हचे ७.६२ आणि ड्रागुनोव्हचेही ७.६२. परंतु पहिल्याची पुंगळी ५१ मिलिमीटर लांब, दुसऱ्याची ३९ आणि तिसऱ्याची ५४. शिवाय तिसऱ्याच्या तळाला बाहेर आलेली कड असते. ही तीनही काडतुसे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. तात्पर्य, बोअर बदलायचे म्हणजे नळीतील भोकाचा व्यास बदलायचा एवढेच नसते. संपूर्ण काडतूस बदलायचे असते. काडतूस बदलले की नळी, बोल्ट आणि बॉडी या तिघांनाही त्याची दखल घ्यावी लागते.

कागदाच्या जाडीएवढी जागा

ही दखल जिथे सर्वांत काटेकोरपणे घ्यावी लागते, त्या जागेला आमच्या धंद्यात 'हेडस्पेस' म्हणतात. बोल्ट बंद झाल्यावर त्याच्या तोंडापासून काडतुसाला पुढे सरकण्यास जी वस्तू अडविते तिथपर्यंतचे अंतर, अशी तिची सोपी व्याख्या करता येईल.

काडतुसाला कोण अडविते, हे मात्र काडतुसागणिक बदलते. थ्री-नॉट-थ्रीच्या तळाला बाहेर आलेली कड आहे. ती कड नळीच्या मागल्या टोकावर टेकते. म्हणून तिथले अंतर कडेच्या जाडीशी जुळवायचे. लष्करी गेजांमध्ये हे माप .०६४ ते .०७४ इंच असे धरलेले होते. बोल्ट लहान गेजावर बंद झाला पाहिजे आणि मोठ्या गेजावर बंद होता कामा नये. ७.६२ च्या तळाला अशी कड नाही. ते आपल्या खांद्यावर टेकते, आणि म्हणून तिथे अंतर मोजायचे ते बोल्टच्या तोंडापासून चेंबरच्या उतारावरील एका ठराविक वर्तुळापर्यंत. याच मापाच्या जवळच्या .३०८ विंचेस्टर काडतुसासाठी अमेरिकेत नव्या चेंबरची जी प्रमाणे वापरतात, त्यात 'जाऊ दे' म्हणणारे गेज १.६३० इंचाचे आणि 'जाऊ नको' म्हणणारे १.६३४ इंचाचे असते. दोहोंत अंतर केवळ चार हजारांश इंचाचे, म्हणजे एक दशांश मिलिमीटरचे. या पुस्तिकेचा एक कागद बोटांत धरून पाहा. अंतर त्याच्या जाडीइतपतच आहे.

ही जागा कमी पडली तर बोल्ट बंदच होत नाही, किंवा बळाने बंद केल्यास काडतूस दडपले जाते. जास्त झाली तर धोका अधिक, कारण तो बाहेरून दिसत नाही. दाब चढताच पुंगळीची पातळ भिंत चेंबरला घट्ट चिकटते. तळाचा जाड भाग मात्र मागे ढकलला जातो आणि बोल्टला जाऊन भिडेपर्यंत थांबत नाही. मधले पितळ ताणले जाते. पितळ थोडे ताण सहन करते. त्यापलीकडे गेले की पुंगळी तळापासून फाटते आणि उष्ण वायू मागे धाव घेतो. मघाची ती एक वीत इथे आठवावी.

आता पाहा, हे माप ठरविणारे भाग कोणते? नळी बॉडीत किती खोल बसली, बोल्टची लांबी किती, बॉडीतील खोबणी कुठे आहे. तीन वेगवेगळ्या वस्तूंवर हे एक अंतर अवलंबून असते. म्हणूनच जुन्या एन्फील्ड रायफलीच्या बॉडीवर आणि बोल्टवर एकच क्रमांक कोरलेला असे, आणि रायफली साफ करताना एकीचा बोल्ट दुसरीत जाऊ नये याविषयी उस्ताद डोळ्यांत तेल घालून पाहत. कित्येकांना ती नुसती शिस्तीची बाब वाटे. वस्तुतः तो कागदाच्या जाडीचा हिशेब होता. एन्फील्डच्या नंबर चार या नमुन्यात तर बोल्टचे डोके स्वतंत्र ठेवून ते ०, १, २, ३ अशा चढत्या लांबींत बनवीत. झीज होऊन जागा वाढली की आर्मरर पुढच्या क्रमांकाचे डोके लावी आणि पुन्हा गेज घालून पाही.

तळ तोच, तर बोल्ट तोच

एवढे समजल्यावर नळी बदलण्याच्या यशस्वी उदाहरणांचे मर्म लवकर ध्यानात येते. जिथे नव्या आणि जुन्या काडतुसाचा तळ सारखा, तिथे बोल्टला तक्रार करण्याचे कारण उरत नाही.

जर्मन माउझर रायफलींचे उदाहरण घेऊ. १९४८ मध्ये इस्रायलला चेकोस्लोव्हाकियातून या रायफली मिळाल्या. त्यांचे बोअर ७.९२ मिलिमीटर. पुढे नाटो राष्ट्रांचे ७.६२ काडतूस १९५४ मध्ये प्रमाण म्हणून पुढे आले, आणि इस्रायलने या जुन्या माउझरना नव्या नळ्या बसविल्या. हे सहज जमले, कारण दोन्ही पुंगळ्यांच्या तळाचा व्यास जवळजवळ एकच, बारा मिलिमीटरच्या आसपास. ७.६२ चे काडतूस अमेरिकेच्या जुन्या .३०-०६ वरून आले, आणि त्याच्या तळाचे मूळ शोधत गेले तर ते माउझरच्याच घराण्याशी पोहोचते. बोल्टच्या दृष्टीने पाहुणा परका नव्हताच. शिवाय माउझरचे कान बोल्टच्या पुढच्या टोकाला असल्यामुळे धक्का जिथे बसतो तिथेच झेलला जातो. तरीही बदललेल्या रायफलींच्या दस्त्यावर '७.६२' असा ठसठशीत आकडा डागून ठेवला, तो चुकीचे काडतूस हातून जाऊ नये म्हणून.

आपल्याकडील उदाहरणेही कमी बोधप्रद नाहीत. पहिल्या महायुद्धानंतर इशापूरच्या कारखान्यात अनेक एन्फील्ड रायफली पोलीस आणि पहारेकरी यांच्यासाठी .४१० च्या साध्या, बिनपिळाच्या बंदुकीत रूपांतरित केल्या गेल्या. त्यांचे काडतूस थ्री-नॉट-थ्रीच्याच पुंगळीवर, मान न आवळता सरळ ठेवून केलेले. तळ तोच, कड तीच. म्हणून बोल्ट तसाच राहिला. मॅगझीनच्या जागी लाकडाचा ठोकळा बसविला, त्यामुळे एका वेळी एकच बार निघे. हेतू उघड होता. ही शस्त्रे हातची गेली तरी ती लष्करी रायफलीच्या तोडीची ठरू नयेत.

याच परकीय संशयातून .३१५ ची रायफल इथे रुजली. लष्करी काडतूस चालेल अशी रायफल नागरिकांच्या हाती जाऊ नये, या धोरणामुळे एन्फील्डच्या घडणीवर ऑस्ट्रियातील आठ मिलिमीटर मॅनलिखर काडतुसाची नळी चढविण्यात आली. इंग्लंडमधील बी.एस.ए. कंपनीने आणि पुढे स्वतंत्र भारतात इशापूरने ती बनविली. शेतीच्या राखणीसाठी वा शिकारीसाठी परवान्यावर घेतलेली ही रायफल आपल्यापैकी काहींच्या घराण्यात असेल. यंत्रणा लष्कराची, काडतूस मात्र वेगळे, असा तिचा दुहेरी जन्म आहे.

आणि एन.सी.सी.च्या मंडळींना ठाऊक असलेली .२२! नंबर दोन, मार्क चार ही रायफल हातात घेतली की थ्री-नॉट-थ्रीचीच वाटे, कारण मूळ ती तीच. काहींना .२२ ची अखंड नळी बसविलेली असे, तर काहींच्या जुन्या नळीत .२२ ची आतली नळी सरकवलेली असे. इथे मात्र बोल्टचे डोके बदलणे भाग होते. थ्री-नॉट-थ्रीची टोपी तळाच्या मध्यभागी असते, तर .२२ मध्ये ठिणगी देणारे मिश्रण तळाच्या कडेत भरलेले असते. म्हणून टाचणी मध्यावर न आपटता कडेवर आपटावी लागते. थ्री-नॉट-थ्रीची गोळी ११ ग्रॅमांहून थोडी जड, तर .२२ ची अडीच ग्रॅमांच्या आसपास. पेलण्याचा सराव खऱ्या रायफलीचा, खर्च आणि पल्ला मात्र लहान, असा तो शहाणा संसार होता.

१९६२ नंतरचा प्रश्न

आता या विषयातील सर्वांत महत्त्वाच्या भारतीय प्रकरणाकडे वळतो.

१९६२ च्या युद्धात आपल्या जवानांच्या हाती प्रामुख्याने थ्री-नॉट-थ्रीच्या बोल्ट रायफली होत्या. त्यानंतर ७.६२ ची स्वयंभरण रायफल, म्हणजेच एस.एल.आर., सर्वत्र देण्याचे ठरले. पण लाखोंच्या फौजेला नवी रायफल एका रात्रीत मिळत नाही. दरम्यान काडतूस बदलणार होते. तेव्हा जुन्या थ्री-नॉट-थ्रीलाच ७.६२ ची नळी लावून का भागवू नये, हा विचार कोणाच्याही मनात येण्याजोगा होता.

मघाच्या चौघांना साक्षीला बोलावू. काडतूस म्हणते : माझ्या तळाला कड नाही, आणि माझा व्यास थ्री-नॉट-थ्रीच्या कडेपेक्षा पावणेदोन मिलिमीटरने लहान आहे, मला ओढून काढणारा आकडा वेगळा हवा. मॅगझीन म्हणते : तिरक्या रचलेल्या कडेच्या काडतुसांसाठी माझा बांधा आहे, याच्यासाठी मला नवे रूप द्या. दर्शनी पट्टी म्हणते : या गोळीची वाट निराळी, माझ्यावरचे पल्ल्याचे आकडे पुन्हा कोरा. हे सर्व करता येते. खरी हरकत बॉडीची होती. थ्री-नॉट-थ्रीचा दाब साडेतीन हजार वातावरणांच्या आसपास, आणि ७.६२ चा चार हजारांच्या वर. शिवाय एन्फील्डच्या बोल्टचे कान मागच्या बाजूला आहेत. त्यामुळे धक्का बोल्टची सबंध लांबी ओलांडून मागे पोहोचतो, आणि तेवढ्या लांबीत बोल्ट दबतो व बॉडी ताणली जाते. पहिल्या महायुद्धाच्या आधी, १९०७ मध्ये स्वीकारलेल्या नमुन्याच्या बॉडीवर हा वाढीव भार कायमचा टाकणे शहाणपणाचे नव्हते.

म्हणून इशापूरने निराळा मार्ग धरला. घडण जुन्या रायफलीचीच ठेवून बॉडी आणि बोल्ट अधिक दमदार पोलादाचे, नव्याने बनविले. त्यावर ७.६२ ची नळी आणि चौकोनी बांध्याचे बारा काडतुसांचे मॅगझीन बसविले. हीच इशापूर २ए रायफल. पुढे दर्शनी पट्टीवरील दोन हजारांचा पल्ला आठशे मीटरांवर आणला गेला आणि तिला २ए१ हे नाव मिळाले. ही रायफल म्हणजे जुनी थ्री-नॉट-थ्री फिरवून केलेली, असा समज आजही ऐकू येतो. तो खरा नाही. ती नवीच घडविलेली रायफल होती, आणि ती नवी घडवावी लागली यातच आजच्या विषयाचे सार आहे.

त्याच काळात ब्रिटनने मात्र जुन्या रायफलींच्या नळ्या बदलल्या, आणि हे वरील निर्णयाशी विसंगत नाही. त्यांच्याजवळ नंबर चार हा नंतरचा, अधिक भक्कम बॉडीचा नमुना होता. साठच्या दशकातील त्यांचे पहिले प्रयत्न अचूकतेच्या कसोटीला उतरले नाहीत. मग निवडक अचूक रायफली वेगळ्या काढून त्यांना जाड, जड नळी आणि नवे मॅगझीन देण्यात आले. १९७० पासून एल-४२ या नावाने या रायफली ब्रिटिश नेमबाजांनी वापरल्या. १९८२ च्या फॉकलंड युद्धातही त्या होत्या. घराणे एकच, काडतूस एकच. परंतु बॉडी वेगळी म्हणून निर्णय वेगळा.

आजची उत्तरे

गेल्या काही दशकांत हा प्रश्न वेगळ्या दिशेने सोडविला गेला आहे. अमेरिकेतील सॅव्हेज कंपनीने १९५८ मध्ये आणलेल्या रायफलीत नळीवर एक मोठी चाकी बसविली. चेंबरमध्ये गेज ठेवून नळी त्याला टेकेपर्यंत फिरवायची आणि मग चाकी आवळायची. कारागिराच्या हाताचे काम गेजाने आणि चाकीने वाटून घेतले.

त्याहून मूलगामी उत्तर जर्मनीतील ब्लाझर कंपनीच्या १९९३ च्या आर-९३ या रायफलीत दिसते. तिथे बोल्ट बॉडीत अडकतच नाही. त्याचे डोके फाकून थेट नळीच्या मागील टोकात कोरलेल्या खोबणीत बसते. तीन टनांचा धक्का नळी आणि बोल्ट यांच्यातच मिटतो, आणि बॉडी केवळ धरून ठेवण्यापुरती उरते. हेडस्पेस कारखान्यातच ठरून येते. दुर्बीणही नळीवरच बसविलेली असते, त्यामुळे नळीबरोबर तिची दुर्बीण जाते-येते. नळी दोन चाक्यांवर धरलेली असून तळाचा व्यास भिन्न असेल तर बोल्टचे डोके बदलता येते. अमेरिकी लष्कराने २०१९ मध्ये निवडलेली एमके-२२ ही नेमबाजाची रायफलही याच तत्त्वावर चालते, ७.६२ सह तीन निरनिराळ्या काडतुसांसाठी तिची नळी आणि बोल्टचे डोके बदलतात.

या नव्या रायफलींनी जुना नियम मोडला, असे कोणास वाटेल. मला तसे वाटत नाही. ज्या दोन वस्तूंमध्ये कागदाच्या जाडीचा हिशेब होता, त्या दोघींनाच त्यांनी थेट जोडून दिले आणि मधला तिसरा साक्षीदार दूर केला. नियम तोच राहिला. तो पाळण्याचे काम आर्मररच्या बाकावरून कारखान्याच्या यंत्राकडे गेले.

शिक्का मारणारा हात

नळी बदलली, गेज बसले, तरी एक पायरी उरते, ती परीक्षेची. बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस १८१३ पासून हे काम करते, आणि १८६८ च्या ब्रिटिश कायद्याने तिथे नळी बदललेल्या बंदुकीची परीक्षा पुन्हा घ्यावी लागते. नेहमीपेक्षा अधिक दाबाचे काडतूस उडवून, नंतर पुन्हा मोजून, मगच पोलादावर शिक्का उमटतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार शस्त्र बनविणे, दुरुस्त करणे, त्याचे रूपांतर करणे आणि त्याची परीक्षा घेणे या सर्वांसाठी परवाना लागतो. हे काम घरच्या अंगणात करण्याचे नाही. कायदा हे सुव्यवस्थेच्या दृष्टीने सांगतो; पदार्थविज्ञान तेच त्या एका वितीच्या दृष्टीने सांगते.

उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनी थ्री-नॉट-थ्रीला निरोप दिला. ती रायफल आता संचलनांत आणि संग्रहालयांत दिसेल. तिच्याबरोबर बोल्टचा क्रमांक पाहण्याची सवय मात्र संपू नये, असे मला मनापासून वाटते. अदलाबदल करता येणाऱ्या वस्तूंच्या जगात आपण राहतो. दिव्यापासून मोटारीच्या चाकापर्यंत एक काढून दुसरी बसविणे आपल्याला इतके सहज झाले आहे, की ती बसते कशी हा प्रश्न मनात येत नाही. ती बसते, कारण कोणीतरी, कुठेतरी, मर्यादा ठरविलेली असते आणि त्या मर्यादेबाहेरची वस्तू परत पाठविण्याचे धैर्य दाखविलेले असते.

गेजांच्या खोलीत काम करणाऱ्याला हे धैर्य रोज लागते. महिनाअखेर जवळ आलेली असते, संख्या भरायची असते, आणि समोरची रायफल दिसायला निर्दोष असते. फक्त 'जाऊ नको' म्हणणाऱ्या गेजावर तिचा बोल्ट अलगद बंद झालेला असतो. ती बाजूला ठेवणाऱ्याचे नाव कुठल्याही स्मारकावर कोरले जात नाही. परंतु ती बाजूला ठेवली म्हणून दूर सीमेवर कोण्या जवानाचा डोळा शाबूत राहतो, आणि तो जवान या गल्लीतील, या शाळेतील असू शकतो.

गुरुवर्यांनी ज्यांना फुटपट्टी कशी धरावी हे शिकविले, त्यांच्यापैकी किती जणांनी पुढे अशा खोल्यांतून काम केले असेल, याची मोजदाद झालेली नाही. ती व्हावी, अशी शाळेला माझी विनंती आहे. माजी विद्यार्थ्यांच्या यादीत अधिकारी, वकील, डॉक्टर यांच्याबरोबर आर्मरर, फिटर आणि तपासनीस यांचीही नावे मानाने लिहिली जावीत.